पाखरबाबांचा गोड कडबा

बसवराजच्या बांधावर त्या दिवशी निम्मं गाव जमलं होतं. म्हशीपुढं ज्वारीच्या ताटांच्या दोन पेंढ्या टाकल्या होत्या. एक राखलेल्या रानातली, तिची भरलेली कणसं मोडून घेतलेली. दुसरी बसवराजच्या रानातली. तिथले दाणे पाखरांनी कधीच टिपले होते आणि गावात उतरलेल्या पाखरबाबांनी वर अंगारा टाकला होता. म्हशीनं पहिली पेंढी हुंगून सोडली आणि दुसरीवर तुटून पडली. लोकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. गावच्या दूध डेअरीवर वीस वर्षं काढलेला माणूस म्हशीच्या आवडीनिवडीला चमत्कार म्हणत नाही.

बाबांचं म्हणणं सोपं होतं. पाखरं म्हणजे आपले पितर. त्यांना गोफणीनं हाकलू नका, दाणा खाऊ द्या; कडब्यात अमृत उतरवायचं काम माझं. त्याबद्दल घरटी पायलीभर जुनी ज्वारी ते दान घेत. अमृत उतरवणाऱ्याला ज्वारी कशाला लागते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

माझ्या लक्ष्मीवहिनीनं त्याच संध्याकाळी गोफण खुंटीला अडकवली. तिची दोन एकर ज्वारी नुकती चिकात आली होती, म्हणजे दाण्यात दूध भरत होतं, आणि घरची वर्षाची भाकरी तिच्यावरच होती. मला राग आला, पण वहिनीपुढं माझा राग चालत नाही. मग मी उदगीरहून जनावरांच्या डॉक्टर पुनमताईंना बोलावून आणलं.

पुनमताईंनी बाबांबद्दल एक शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, कोपऱ्यातली वीस ताटं मला द्या. त्यांची कणसं मी आत्ताच विळ्यानं कापते. अंगारा न्हाई, मंतर न्हाई. म्हशीला ती आवडली न्हाईत, तर खुशाल गोफण टांगा. तवर पाखरं हाकला."

वहिनीनं खुंटीवरची गोफण काढली. मग म्हणाली, "पंधरा दिस. त्याच्यापुढं न्हाई."

पंधरा दिवस ती माच्यावर उभी राहून गोफण फिरवत होती. सोळाव्या दिवशी तिच्या बांधावर तेच गाव, तेच बाबा आणि समोर पुन्हा दोन पेंढ्या: एक कणसं कापलेल्या वीस ताटांची, दुसरी शेजारच्या राखलेल्या ताटांची. वहिनीची म्हैस सरळ विळा लागलेल्या ताटांकडं गेली.

वाऱ्यानं अंगारा इकडं आला असणार, असं बाबांनी डोळे मिटून सांगितलं.

"मग शेजारच्या ताटांवर का पडला न्हाई?" एवढं विचारून पुनमताईंनी ताटाचे तुकडे करून सगळ्यांना चघळायला दिले.

"उसावाणी हाय की," बसवराज म्हणाला.

पुनमताईंनी समजावलं, की ज्वारीची पानं साखर तयार करतात आणि दाणा भरायला ती कणसात जाते. कणीस कापलं किंवा पाखरांनी चिकातच खाल्लं, की ती ताटातच साठते. कडबा गोड लागतो, पचायलाही हलका होतो. पण खरी ताकद दाण्यात असते आणि ती पाखरांबरोबर उडून जाते. बसवराजचं तोंड उतरलं. त्याचं सगळं रान पाखरांच्या पोटात गेलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

बाबा दानाचं पोतं उचलून निघाले. पोत्याचं तोंड सुतळीनं दोनदा आवळलेलं होतं.

"बाबा, तोंड सोडा की पोत्याचं," वहिनी म्हणाली. "पितरं उपाशी हायत."

बाबांनी गाठ सोडली नाही. गावानं ते पाहिलं, आणि पोतं तिथंच उतरवून घेतलं. त्यातली ज्वारी बसवराजच्या घरी गेली.

नवल दिसलं तर हात जरूर जोडा, माझी ना नाही. पण आधी वीस ताटं बाजूला कापून बघा.