पाठीमागे अडकवलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. गाडीतला. सीटवर बसल्याबरोबर जो आधी

थांबा. हिसका मारू नका, मित्रांनो. हिसका मारला की मी अडतो, आणि मी अडलो की माझी गोष्टही अडते. सोडा मला. थोडा आत जाऊ द्या. आता पुन्हा ओढा, हळू. हं, अस्सं.

तर, मी एक जुना सीटबेल्ट आहे. सध्या ड्रायव्हिंग क्लासच्या खोलीत, फळ्याशेजारी, एका उभ्या फळीवर माझ्या गुंडाळायच्या चकरीसकट मला बसवलं आहे. नवीन शिकायला आलेलं प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी मला ओढून बघतं. जितका वेळ ते ओढतात तितकाच वेळ मला बोलायला मिळतो. म्हणून माझी गोष्ट जरा तुटक आहे. सांभाळून घ्या.

जन्म एका लांबलचक मागावर झाला. एका बाजूने शेकडो धागे आत गेले आणि दुसऱ्या बाजूने मी बाहेर आलो, जेमतेम तीन बोटं रुंद. उजेडाच्या टेबलावर एक बाई अंगठा फिरवत मला तपासत होती. तिने कडेला दोनदा नख लावलं आणि म्हणाली, "हा चांगला आहे." एवढं कौतुक मला पुढे पुष्कळ वर्षं पुरवून वापरावं लागलं.

माझ्याच ताग्यातला एक तुकडा मात्र यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढला. तो किती ओढीला तुटतो हे कळल्याशिवाय आम्हा बाकीच्यांना गाडीत जायची परवानगी नव्हती. मी त्याला विसरलेलो नाही.

मला मिळाली ती एक साधी पांढरी गाडी. टपावर क्लासची पाटी, मागेपुढे शिकाऊ गाडीचं लाल अक्षर, आणि ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डावीकडे शिकवणाऱ्या सरांच्या पायाखाली. उजवीकडच्या सीटला माझा भाऊ होता. डावीकडे मी.

सरांना सगळे मागून 'हळूसर' म्हणत, कारण त्यांचं एकही वाक्य त्या शब्दाशिवाय पुरं होत नसे. "क्लच हळू. हळू वळवा. अहो, हळू म्हणजे थांबा नव्हे!" माणूस मोठा काटेकोर. रोज सकाळी फडकं घेऊन काचा पुसायचे, आरसे पुसायचे, चारही टायरची हवा बघायचे, मागे उभं राहून बायकोला ब्रेक दाबायला लावायचे आणि ओरडायचे, "डावा दिवा लागतोय! उजवा लागतोय! सोड!"

मग ते माझ्याकडे यायचे. मला रिकाम्या सीटवरून आडवं ओढून बक्कलमध्ये घालायचे. टक. आणि मग माझ्यावरच बसायचे.

असं का, तर पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करते. सरांना ती टिंगटिंग सहन होत नसे. आता गाडीला वाटायचं पट्टा लागलाय. बाहेरून बघणाऱ्यालाही वाटायचं. मला तेवढं ठाऊक होतं की मी सरांना नाही, सीटच्या पाठीला धरून बसलो आहे. दिवसभर तोंडासमोर रेक्झिन आणि मागे सरांचा घामेजलेला शर्ट. अशी आठ वर्षं गेली.

कोणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं. "माझ्या पायाखाली ब्रेक आहे हो. आणि तुमचं स्टिअरिंग धरायला मला वळावं लागतं. मला कशाला पट्टा?" आणि लगेच शिकणाऱ्याला दटावायचे, "तुम्ही लावलात का? त्याशिवाय किल्ली फिरवायची नाही!"

भाऊ दर अर्ध्या तासाला नव्या माणसाला मिठी मारायचा. न्हावी, बँकेतल्या बाई, लग्न ठरलेली मुलगी, निवृत्त हेडमास्तर. संध्याकाळी मला सांगायचा, "आज अकरा जण झाले. एक जण तर भीतीने थरथरत होता, मीच धरून ठेवला." त्याच्या कडा उसवायला आल्या होत्या. मी मात्र नवाकोरा. मित्रांनो, न वापरल्यामुळे नवं राहण्यात काही मोठेपणा

अहो, हळू!

...सोडा. ओढा. हां. मोठेपणा नाही, असं म्हणत होतो.

मग शिलाईवाल्या ताई आल्या. वय सत्तेचाळीस, गळ्यात मापाचा टेप. तो काढायला विसरूनच त्या गाडीत बसल्या. त्या इस्पितळासाठी चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवायच्या. माल पोचवायचं काम त्यांचे यजमान करत. पण यजमानांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. घरची गाडी दारात झाकून ठेवलेली. इस्पितळाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर ताईंना लायसन्स मिळालं तर काम त्यांचं, नाहीतर दुसऱ्याचं. परीक्षेला तीन आठवडे होते, आणि ताईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

त्यांनी भावाला ओढून घेतलं, टक केलं, आणि डावीकडे पाहिलं.

"सर, तुमचा पट्टा?"

"लावलाय की. टिंगटिंग वाजतंय का?"

ताई वाकल्या. सरांच्या कमरेमागे बोट घालून त्यांनी मला चाचपलं. "हा तर खुर्चीला लावलाय. तुम्हाला कुठे लावलाय?"

"ताई, गाडी शिकायला आलात ना? किल्ली फिरवा."

"मी माप घेते ते गिऱ्हाइकाचं घेते, खुर्चीचं नाही. तुम्ही लावा, मग फिरवते."

"माझ्या पायाखाली ब्रेक आहे."

"ब्रेक गाडीला थांबवतो. तुम्हाला कोण थांबवणार?"

सर हसले. ताई हसल्या नाहीत. अर्धा तास गाडी दारातच उभी राहिली. सर म्हणाले, "तुमचाच वेळ जातोय. परीक्षा माझी नाही." ताई म्हणाल्या, "ठाऊक आहे मला." त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. एकेक दिवस त्यांना मोलाचा होता, आणि त्यातला एक त्या माझ्यापायी घालवत होत्या. मला फार लाज वाटली. खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती दुसऱ्याला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पुढच्या तासाचा न्हावी खिडकीत डोकावून म्हणाला, "सर, लावा की हो! माझ्या दुकानात गिऱ्हाईक साबण लावून बसलंय." सर पुटपुटले, "तीन आठवड्यांसाठी. फक्त तुमच्या तासाला." आणि त्यांनी चिडून मला जोरात खेचलं.

मी अडलो.

पुन्हा खेचलं. पुन्हा अडलो. अख्ख्या गावाला हळू चालवायला शिकवणारा माणूस आणि मी, एकमेकांशी झोंबत होतो.

"सर," ताई म्हणाल्या, "हळू."

न्हावी इतका हसला की त्याला खिडकी धरावी लागली. शेवटी सरांनी मला हळू ओढलं आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा मी एका माणसाला मिठी मारली. सरांच्या खिशात पेन होतं. ते मला टोचलं. मला ते इतकं आवडलं!

ताईंची नजर शिलाईची. "पीळ पडलाय, सरळ करा. पिळलेला पट्टा दोरीसारखा कापतो. वरचा भाग खांद्याच्या हाडावरून, छातीच्या मधोमध. काखेतून नाही. खालचा कमरेच्या हाडावर टेकवा, पोटावर नको. आणि ते पेन काढा." सरांनी पेन काढलं. एका सकाळी ताईंनी मला पूर्ण बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने साबण लावून पुसलं आणि वाळेपर्यंत आत जाऊ दिलं नाही. आठ वर्षांचा घाम निघाला. भाऊ म्हणाला, "चैन आहे बुवा एकाची."

दुसऱ्या आठवड्यात ताई चौथ्या गिअरपर्यंत पोचल्या. सरांनी त्यांना अंतर मोजायला शिकवलं. पुढची गाडी खांबापाशी गेली की एक, दोन, तीन म्हणायचं. तीनच्या आत आपण खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. ताई मोठ्याने मोजायच्या, चादरी मोजाव्यात तशा.

एके दिवशी पुढे कोणीच नव्हतं. सरळ, रुंद रस्ता. डावीकडच्या गल्लीतून एक टेम्पो, लोखंडी कपाटं लादलेला, मागे न बघता एकदम मागे आला. ताईंनी ब्रेक दाबला. सरांनीही दाबला. दोन्ही ब्रेक लागले, पण रस्त्यावर बारीक खडी होती आणि चाकं घसरली. सर स्टिअरिंग धरायला वळले आणि

मी अडलो.

यावेळी मला कोणी हाताने खेचलं नव्हतं. सरांचं अख्खं वजन, आणि त्याच्या कितीतरी पट, एकाच क्षणी माझ्यावर आलं. माझे धागे ताणले गेले. मला तो यंत्रातला तुकडा आठवला. तो किती ओढीला तुटला होता ते मला ठाऊक होतं. तोवर नाही, मी म्हटलं. तोवर नाही.

सरांचं कपाळ काचेपासून वीतभर अलीकडे थांबलं.

पलीकडे भावाने ताईंना धरलं होतं. त्याच्या उसवत्या कडाही टिकल्या. टेम्पोवर आदळून पुढचा बंपर आत गेला, एक दिवा फुटला. टेम्पोवाला धावत आला, "लागलं का हो? चूक माझीच." ताई उतरल्या. त्या फुटपाथवर बसल्या आणि रडू लागल्या. "माझ्यामुळे झालं. मला नको ते लायसन्स. इस्पितळ देऊ दे काम दुसऱ्याला."

सर छाती चोळत उतरले आणि शेजारी बसले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही वेळेत ब्रेक दाबलात. माझ्याआधी दाबलात. आणि मी इथे बसून हे बोलतोय, तेही तुमच्यामुळेच."

सरांच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा निळा वळ उठला होता. अगदी माझ्या रुंदीचा. इस्पितळात तपासून घरी गेल्यावर बायकोने तो बघितला. "आठ वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय, तेव्हा कान नव्हते वाटतं? शिलाईवाल्या बाईंचे पाय धरायला हवेत," ती म्हणाली आणि सरांच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिली.

गॅरेजच्या मिस्त्रींनी मला उजेडात धरलं. "दिसायला धड आहे, पण ताण खाल्लाय. पुन्हा भरवसा नाही ठेवायचा. दोन्ही बदला." असंच असतं, मित्रांनो. मोठा धक्का झेललेला पट्टा कितीही धड दिसला तरी बदलायचा. मला वाईट वाटलं का? भावाला काढून टाकलं तेव्हा वाटलं. त्याने बिचाऱ्याने हजारो मिठ्या मारल्या होत्या. माझ्या वाट्याला आल्या मोजक्या. पण त्यातली शेवटची पुरली.

मला फळीवर बसवायची कल्पना सरांची. स्क्रू पिळले ताईंनी. अपघातानंतर चौथ्या दिवशी त्या परत आल्या होत्या. दुरुस्त गाडीत सर आधी जाऊन बसले, नवा पट्टा हळू ओढला, पीळ बघितला, टक केलं, आणि दार उघडं ठेवून म्हणाले, "मी तयार आहे. तुम्ही नाही आलात तर नुसताच बसून राहीन. अर्धा तास बसायची सवय तुम्हीच लावलीय." ताई दारापाशी उभ्या राहिल्या. मग आत बसल्या.

परीक्षेचं मी ऐकलेलं सांगतो. सरांनी ते या खोलीत इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे. परीक्षक साहेब येऊन डावीकडे बसले. कसे? अगदी आमचे सर बसायचे तसे, पट्टा पाठीमागे अडकवून. म्हणाले, "चला." ताईंनी आरसे बघितले. सीट पुढे ओढली. किल्लीला हात लावला आणि काढून घेतला.

"साहेब, आधी तुम्ही पट्टा लावा. मग सुरू करते."

बाहेर उभे सर खिडकीपाशी सरकले. साहेबांनी ताईंकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. मग हळूच पट्टा पुढे घेतला.

ताई पास झाल्या. आता आठवड्यातून दोनदा त्या या रस्त्याने चादरींचे गठ्ठे घेऊन जातात. मागच्या सीटवर यजमान असतात, आणि त्यांनाही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही. क्लासच्या दारापाशी त्या एक छोटा हॉर्न देतात. तो मला आहे असं मी धरून चालतो.

तुमची वेळ झाली, मित्रांनो. गाडी अंगणात उभी आहे. जाताना एवढंच ऐका: आम्हाला फसवू नका. बक्कलमध्ये खोटी क्लिप घालून किंवा आमच्यावर बसून गाडीची टिंगटिंग बंद होते, बाकी काही होत नाही. आम्हाला पिळू नका, दारात चेंगरू नका, कडा उसवली तर मिस्त्रींना दाखवा. आणि शेजारी बसलेला माणूस वयाने, मानाने कितीही मोठा असला तरी त्याला विचारायला लाजू नका.

आता सोडा मला. हळू. मी आपोआप आत जातो.

आठ वर्षं या अंगणात दर अर्ध्या तासाला गाडी सुटायच्या आधी एकदाच टक वाजायचं. मी फळीवरून ऐकत असतो. दार लागलं. आरसा सरकला. आता ऐका.

टक.

टक.