फरी की सिपर

वाशिमच्या बसस्टँडमागं फय्याजचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. पण लोक त्याला ओळखत ते आखाड्यामुळं. तो आणि रिठदचा उदयसिंग तरुणपणापासून जोडीनं खेळत आले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताटाएवढी गोल, चामड्याची ढाल. ढाली फय्याजच शिवायचा. उदयसिंग तिला फरी म्हणायचा, फय्याज सिपर. यावरून दोघं एकमेकांना चिडवत.

गेल्या वर्षी शिकाऊ पोरांसमोर ही गंमत चिघळली. "फरी आमचा शब्द हाय, तुमच्या सिपरच्या आधीचा," उदयसिंग म्हणाला. फय्याज बोलून गेला, "मंग तुमची फरी तुमीच शिवा."

पोरं हसली. उदयसिंग हसला नाही. ढाल खाली ठेवून त्यानं चपला घातल्या, तो पुन्हा आखाड्यात आलाच नाही. फय्याज फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा.

अमरावतीला भाषाशास्त्र शिकणारी त्याची मुलगी उजमा सुटीत घरी आली. जेवताना म्हणाली, "अब्बा, तुमी दोघं एकाच शब्दावरून भांडले. फारसीतला सिपर जुन्या इराणीतून आला. त्याच घरातला शब्द फार पूर्वी संस्कृतात 'फर' झाला, असं जाणकार मानतात. आपली फरी त्याचीच."

फय्याजचा घास हातातच राहिला. मग तो हसला, कितीतरी महिन्यांनी. सकाळी दुकान न उघडताच त्यानं रिठदची बस धरली. वाटभर तो मनात वाक्य जुळवत होता: उदय, आपून येकाच शब्दापायी रुसलो रे.

अंगणात उदयसिंगची बायको भुरीबाई गहू निवडत होती. तिचं कपाळ मोकळं होतं. फय्याज जागीच थांबला.

"कवा, वहिनी?"

"पंधरवडा झाला. छातीचं दुखनं."

"मले कोनीच सांगतलं नाही."

"दवाखान्यात मी म्हनलं, फय्याजभाऊले फोन लावते. तर म्हने, लावू नको, तो सोताच येईन. दाराकडं पाहून राह्यले होते. मागून मले कशाचंच भान नोतं."

पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "आज कायले आले होते?"

"एक गोष्ट सांगाची होती त्याले."

"मले सांगा."

फय्याज उंबऱ्यावर बसला. "ते सिपर हाय ना..." एवढंच म्हणाला आणि त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. भुरीबाईनं सूप बाजूला सारलं आणि तोंडाला पदर लावला.