हळदीतला हात

तीन वर्षं झाली, माझा मला अंबाडा घालता येत नाही. तळोज्याच्या आमच्या कारखान्यात एका खासगी हॉस्पिटलची माणसं लस द्यायला आली. नर्सबाईने घाईत दंड सोडून पार खांद्याच्या सांध्यात सुई खुपसली. डावा हात वर जाईना, पाठोपाठ पॅकिंगचं काम गेलं. तेव्हापासून धाकटी नणंद चंद्रावती रोज सकाळी येऊन माझी वेणीफणी करते. "वयनी, मान सरळ ठेव गो," म्हणत टपली मारते.

हॉस्पिटल आणि कारखाना, दोघांवर ग्राहक आयोगात तक्रार केली. भरपाई मिळाली तर खांद्याचं ऑपरेशन होईल, एवढीच आशा. अलिबागला तारखांवर तारखा. जीव नुसता विटलाय.

परवा वकीलबाईंनी मोबाइल पुढे धरला. "प्रमिलाताई, हे काय? समोरच्यांनी आयोगात दिलंय."

माझ्या मुलाच्या, प्रणितच्या हळदीचा व्हिडिओ! मी नाचतेय, डावा हात डोक्याच्या वर. मेल्याने स्वतःच स्टेटसला ठेवला होता.

आता काय सांगू? आमच्यात हळदीला नवरदेवाची आई नाचली नाही, तर सून पसंत नाही म्हणून गावभर बोभाटा. म्हणून चंद्रा मागे उभी राहिली आणि कोपराला धरून तिनेच माझा हात वर केला. कळ मस्तकात जात होती, तरी मी हसत होते. व्हिडिओत माझं हसणं दिसतं. तिच्या फक्त बांगड्या दिसतात.

"मग नणंदेचं प्रतिज्ञापत्र आणा," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय काही खरं नाही."

तशीच तिच्या घरी गेले. तिचा नवरा आनंदा त्याच कारखान्याला माणसं पुरवतो. तो तडकला, "कंपनीच्या विरोधात सही? आमच्या पोटावर पाय देतेस?"

चंद्रा खाली बघत म्हणाली, "मना नाय जमनार, वयनी."

"अगं, हात तूच धरला होतास ना!" मी ओरडले आणि निघून आले. रस्ताभर रडले.

आज सकाळी ती फणी घेऊन दारात उभी. डोळे सुजलेले. हाकलायचंच ठरवलं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. पाट ओढून तिच्याकडे पाठ करून बसले.

"घट्ट बांध," म्हटलं. "अलिबागला जायचंय. तक्रार मागे घेते."

फणी थांबली. मग पुन्हा फिरू लागली. माझी मान खाली गेली होती, पण सरळ ठेव असं ती म्हणाली नाही.