हवेचा स्क्रू

“परवाच तर दाखवून नेली. परत तेच. मिस्त्रीचं लक्ष उडालंय हल्ली, दुसरं काय!”

पोस्टमन हे पुटपुटला तेव्हा तो आमच्या ह्यांना इतका खेटून उभा होता की दोघांची मिळून एकच सावली पडली होती. मी आत कप विसळत होते. आमचं स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामधल्या भिंतीत एक झरोका आहे, त्यातून मला शब्द न् शब्द ऐकू आला. हे मात्र कार्बोरेटरचा जेट उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून बघत राहिले. मी वाट पाहिली. आता वळतील आणि म्हणतील, माझं लक्ष उडालंय की तुझ्या टपालाच्या ओझ्यानं गाडीचा जीव उडालाय? पोस्टमनचा टोला ह्यांनी परत केला नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. ह्यांनी जेट बसवला, गाडी चालू केली, हवेचा स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवला आणि म्हणाले, “झालं बघ. बासरीसारखी वाजतेय.”

बासरी कसली! घशात कफ अडकल्यासारखी घरघरत होती. पेट्रोल जास्त, हवा कमी. मला ते भिंतीआडून कळत होतं, पोस्टमनला जवळून कळत होतं. त्यानं झरोक्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्यानं दोघांनी नजर काढून घेतली.

हे हात धुवायला मागे गेले तशी मी ओल्या हातांनीच बाहेर आले. छोटा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि तो स्क्रू केसभर, केसभर बाहेर घेत गेले. इंजिनचा सूर चढत गेला. एक जागा अशी येते की सूर तिथं निवांत बसतो, त्याच्या पुढे गेलात की फुटतो. त्या जागेवर हात थांबवला. पोस्टमन “वहिनी” एवढंच म्हणाला आणि गाडीला टांग मारून निघून गेला. थँक्यू नाही, चौकशी नाही. शहाणा माणूस.

मला हे कोणी शिकवलं नाही. बाई भिंतीच्या एका बाजूला वर्षानुवर्षं भांडी घासत असेल आणि दुसऱ्या बाजूला नवरा गाड्यांचे सूर लावत असेल, तर बाईला भांड्यांपेक्षा गाड्या जास्त कळायला लागतात. त्यातली मुळाक्षरं मात्र ह्यांनीच गिरवून घेतली होती. लग्न नवं होतं. लोक नव्या बायकोला फिरायला नेतात, ह्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाण्यानं भरलेला पेला समोर ठेवला. त्यात सरबताची एक नळी उभी धरली, दुसरी आडवी तिच्या तोंडाशी नेली आणि गाल फुगवून फुंकर मारली. पाणी उभ्या नळीतून आपलं आपण वर चढलं आणि धुकं होऊन माझ्या तोंडावर आलं.

“हा झाला कार्बोरेटर,” हे म्हणाले.

“आणि मी?”

“तू इंजिन.”

मग समजावून सांगितलं. कार्बोरेटरचा गळा मधे अरुंद असतो. इंजिन श्वास ओढतं तेव्हा हवा त्या अरुंद जागेतून धावत सुटते, आणि हवा जिथं धावते तिथं तिचा दाब उतरतो. खालच्या वाटीतलं पेट्रोल मग बारीक भोकातून वर खेचलं जातं आणि वाऱ्यात सापडून त्याचे कणकण होतात. पेट्रोल पातळ असताना नीट जळत नाही, नुसती काजळी धरतं. त्याचं धुकं व्हावं लागतं. त्यात एक भार पेट्रोल असेल तर पंधरा भार हवा.

“म्हणजे गाडी हवेवरच चालते म्हणा की,” मी म्हटलं.

“पेट्रोल नुसतं निमित्त,” हे म्हणाले, आणि आपल्या बायकोला डोकं आहे हे कळल्यासारखे हसले. तोंड पुसायला मला फडकं दिलं, तेही ग्रीसचं.

तेव्हापासून भिंतीआडून आमचं बोलणं चालायचं. मी आतून काहीबाही सांगत राहायची, हे पान्यानं भिंतीतून गेलेल्या नळावर ठोका द्यायचे. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, सारखी टकटक म्हणजे चहा टाक. मी दिवसभर बडबडायची आणि पलीकडून टक, टकटक. एवढ्यावर आमचा संसार झाला, आणि बरा झाला. ठोके कधी थांबले ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी वाटलं, काम जास्त असेल. मग वाटलं, माझी बडबड वाढली असेल. तेही खरंच आहे, पण ते कारण नव्हतं.

मेकॅनिकचे डोळे अधू झाले तर तो चष्मा लावतो, कंबर गेली तर पट्टा बांधतो, आणि गिऱ्हाईक उलट म्हणतं, बघा, मिस्त्री अजून काम सोडत नाहीत. कानाचं तसं नाही. सूर ओळखणारा कान हेच आमचं दुकान. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच, आत बसलेला कॉम्प्युटर मोजून पिचकारी मारतो आणि बिघडला तरी त्याचं त्यालाच कळतं. आमच्याकडे येतात त्या जुन्या गाड्या आणि त्या टाकवत नाहीत अशी जुनी माणसं. ती एवढ्याच भरवशावर येतात की मिस्त्री कानानं गाडी लावतो. तो कान राहिला नाही ही एक गोष्ट बाहेर गेली की शटर ओढायचं आणि दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत दुसरं काही नव्हतंच.

म्हणून सगळेच मूठ झाकायला लागले. गिऱ्हाइकं गाडी तयार झाली तरी रेंगाळायची आणि झरोक्याशी येऊन विचारायची, “वहिनी, चहा झाला का?” याचा अर्थ, मिस्त्रींना आत बोलवा आणि तुम्ही बाहेर या. मी झरोक्यातून कप दाखवायची. हे आत येऊन चहा प्यायचे, मी बाहेर जाऊन स्क्रू फिरवायची. धाकटे दीर टायर विकतात. ते आले की आधी ह्यांच्या खांद्याला हात लावायचे, ह्यांनी वळून बघितलं की मगच तोंड उघडायचे, आणि जाताना मला म्हणायचे, “दादा किती शांत झालाय नाही, वहिनी? माणूस वयानं पिकतो.”

“पिकतो ना,” मी म्हणायची.

आमच्या भाषेत कानावरून किती बोललं जातं ते मला त्याच दिवसांत कळलं. कानाडोळा, कानउघाडणी, कानावर घालणं, या कानानं ऐकून त्या कानानं सोडणं. घरात एकही वापरायची सोय राहिली नाही. भिंतीलासुद्धा कान असतात म्हणे. असतील, पण भिंत काही उत्तर देत नाही.

लेकीचा परगावाहून फोन यायचा. हे फोन कानाला लावून “हो हो, छान, मजेत” एवढं म्हणायचे आणि तो माझ्याकडे सरकवायचे.

“आई, मी बाबांना विचारलं जेवलात का, तर छान मजेत म्हणाले. माझ्यावर रागावलेत का ते?”

“नाही गं, हातात काम आहे त्यांच्या.”

“बरं,” ती म्हणाली. “हल्ली नेहमीच असतं.”

तेवढ्या बोलण्यात तिला कळलं होतं, असं मला वाटतं. पण तीही आमचीच मुलगी. तिनं हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

मग एकदा ठिपका दिसला. पोस्टमनचीच गाडी होती. स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका आणि त्याला जोडून शेजारी कार्बोरेटरच्या अंगावर दुसरा. स्क्रू जरा जरी फिरला तरी दोघांची फारकत होणार. म्हणजे ह्यांना संशय आला होता. पण गाडी घरघरत होती आणि पोस्टमन घड्याळाकडे बघत होता. मी स्क्रू फिरवला. ठिपके दूर गेले. त्या दिवशी जेवताना मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, ह्यांनी माझ्याकडे. एकानं भांडण सुरू करावं म्हणून दोघं थांबलो होतो, पण सुरुवात कोणी करावी यावरच एकमत होईना.

पोस्टमन पुढच्या खेपेला आला तेव्हा मी गपचूप वाकून पाहिलं. जुना ठिपका पुसलेला होता. नवा होता तो मी स्क्रू सोडला होता बरोब्बर त्या जागी. त्यानंतर इतर गाड्यांवरही दिसायला लागले. हे काम करायचे, मी मागून सुधारायची, पुढच्या खेपेला हे माझ्या जागेवर शिक्का मारायचे. घरात आमचं एवढंच बोलणं उरलं होतं, ठिपक्यांचं. त्याला उत्तर देता येतं, पण हसता येत नाही त्यावर. मी अजून भिंतीशी बोलायची, सवय म्हणून. मग भांडी जास्त जोरात आपटायला लागले.

अशात ते दातांचे डॉक्टर आले. रिटायर झालेले, लांबून आलेले, आणि त्यांची मोटार त्यांच्याहूनही जुनी. तिला एक सोडून दोन कार्बोरेटर.

“उद्या पहाटे घाट चढून बहिणीकडे जायचंय,” ते म्हणाले. “दोन ठिकाणी दाखवली, दोघांनी तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, हे काम आता एकच माणूस करतो.”

त्यांनी हे नेमकं ह्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं. ह्यांनी ओठ वाचले असावेत, कारण चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी खुललेला पाहिला मी तो. माझ्या मात्र हातातलं फडकं हातातच राहिलं. दोन कार्बोरेटर म्हणजे दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एकानं कमी-जास्त केलं तर अर्ध्या इंजिनाला हवा जास्त होऊन ते तापतं, आणि घाटाच्या चढाला पिस्टन वितळतो. मी असलं काम कधी केलं नव्हतं. शिवाय डॉक्टर स्टूल ओढून बॉनेटला टेकूनच बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलेला माणूस, तो कसला हलतोय!

ह्यांनी दोन्ही कार्बोरेटर उघडले, धुतले, फुंकले, जोडले. हाताला अजून जगात तोड नव्हती. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. मग फळीवरून रबराची नळी काढली, एक टोक पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि दुसरं कानाला लावलं. आत शिरणाऱ्या हवेचा सुस्कारा नळीतून ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही एकसारखे होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. इंजिनची धडधड हाताच्या तळव्यालाही कळते. सुस्कारा कळत नाही.

हे पहिल्याशी गेले, दुसऱ्याशी गेले, परत पहिल्याशी आले. नळी डाव्या कानाची उजव्या कानाला लावली. डोळे मिटून घेतले.

“जमतंय ना?” डॉक्टरांनी विचारलं. हे वाकलेलेच होते.

मी झरोक्यातून कप उंच धरला, नेहमीची खूण. ह्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. मी चहाच घेऊन बाहेर गेले, अगदी शेजारी उभी राहिले. “अहो, गार होतोय. आधी घ्या, मग बघू.” त्या अंतरावर मला नळीशिवायही कळत होतं की एक कार्बोरेटर ओढतोय आणि दुसरा नुसता सोबतीला उभा आहे.

हे सरळ झाले. एक हात बॉनेटवर, दुसऱ्यात नळी. डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. आता “झालं, बासरी” म्हणतील आणि ते गृहस्थ पहाटे घाटाला लागतील, असं वाटून मी कप खाली ठेवला.

ह्यांनी नळीचं टोक शर्टाला पुसलं. स्वच्छ पुसलं, दोनदा. आणि माझ्यापुढे धरलं.

“मला कुठलं जमतंय?” मी घाईनं म्हणाले. “तुमचं काम ते.”

इंजिन चालू होतं म्हणून असेल, किंवा स्वतःचा आवाज केवढा निघतोय ते कळत नव्हतं म्हणून असेल, हे बोलले ते रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत गेलं.

“मला ऐकू येत नाही गं. तू ऐक.”