जवसाचं तेल

चिखलीत लाकडावर काचेसारखं पारदर्शक रेझिन ओतणारा मी एकटाच, म्हणून माझा तोरा जरा जास्तच. गिऱ्हाइकाला आधी एकच सांगतो: वरची चकाकी पाहू नका, खालची तयारी पाहा. लाकूड घासलेलं हवं, तेलाचा थेंब नको. त्यावर प्रायमरचा पातळ हात, मग रेझिन. नाहीतर वर्षभरात पापुद्रा सुटतो.

जानेफळचे पुंजाजी आणि चांगुणाबाई दिवाळीनंतर फळी घेऊन आले. त्यांची मुलगी महामाया नर्सिंगला होती. यंदाच्या उन्हाळ्यात तापानं गेली. ही तिची अभ्यासाची फळी. फळीवर निळ्या बॉलपेननं हाडांची नावं, औषधांची नावं, मध्येच एखादं फूल. हे सगळं रेझिनखाली कायमचं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. फोन त्यांनी जूनमध्येच केला होता, पण पावसाळ्यात दमट हवेमुळे मी ओतकाम करत नाही, म्हणून थांबायला सांगितलं होतं.

मी फळीवर पाण्याचा थेंब टाकला. तो जिरला नाही, गोळा होऊन बसला.

"तेल लावलं का?"

"हाव," पुंजाजी खुशीत म्हणाले. "दर पौर्णिमेले बुद्धवंदना झाली का जवसाचं तेल. पेरणीच्या तिफणीले लावतो ना, तसंच. पाहा ना, एक चीर नाही पडली."

माझं डोकंच फिरलं. "तेलावर काहीच धरत नाही ना बाप्पा! थिनरनं पुसाच लागते," म्हणत मी कोपऱ्यावरून बोळा फिरवलासुद्धा. विचारलं नाही. मी असाच घाईचा. बोळा निळा झाला.

चांगुणाबाई एकदम पुढे आल्या. "तिथं तिचं नाव होतं," म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठे काय लिहिलंय ते पोरीनं त्यांचं बोट धरून दाखवलं होतं.

पुसलं तर बाकीची अक्षरंही अशीच जाणार होती, आणि न पुसता रेझिन धरणार नव्हतं. हे सांगताना मला माझीच लाज वाटली.

"म्या तेल लावलं," पुंजाजी मटकन खाली बसले. "म्याच पुसलं तिले."

चांगुणाबाईंनी माझ्या हातातला बोळा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. मग दोघं फळी उचलून एसटी स्टँडकडे निघाले.

जूनमध्ये फोनवर मीच बोललो होतो, "तोवर लाकूड सुकू देऊ नका, चिरा पडतीन." सावलीत ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. पुंजाजींना ते आठवलं नाही. मी आठवण करून दिली नाही.