ठिपक्याचा ग्लास

प्राध्यापकांनी पेनांचा काचेचा ग्लास टेबलावर उपडा केला. पेनं घरंगळली, बोथट पेन्सिली सांडल्या, आणि तळाच्या धुळीबरोबर पाय वर केलेलं एक वाळकं झुरळ बाहेर पडलं. पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी ते कडेला लोटलं. मग ग्लास उजेडात धरला. तळाचा लाल ठिपका अजून शाबूत होता.

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्रात या ठिपक्याचा उल्लेख होता. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. चार वेळा लिहायला घेतलं होतं, पण दर वेळी वाक्यं अशी गोल गोल फिरू लागली की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"अहो, छापखान्याचा माणूस चारला येतोय," बायको दारातून म्हणाली. "आणि तुम्ही हा काय पसारा मांडलाय?"

"एकच वाक्य तपासायचं राहिलंय."

"तुमचं एक वाक्य म्हणजे आमचा एक महिना."

वाक्य पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होतं. 'ज्याला खरं माहीत असतं, त्याला किळस शिवत नाही.' सात आवृत्त्यांत ते तसंच छापलं गेलं होतं. लोक ते भाषणांत वापरत. आता आठवी निघत होती.

प्रयोग साधा होता. टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास. आलेल्या माणसाला सांगायचं, ग्लास उकळून घेतलाय, पण काल यातून आमच्या झाडलोट करणाऱ्या बाई पाणी प्यायल्या होत्या. बाई तिथेच कोपऱ्यात उभ्या. हे धडधडीत खोटं होतं. ग्लास नवा कोरा होता, बाईंनी त्याला कधी ओठ लावला नव्हता. इतर ग्लासांत मिसळू नये म्हणून फक्त तळाला ठिपका दिला होता.

"चेहरा कसा ठेवू, सर?" पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं होतं.

"नेहमीसारखा," ते म्हणाले होते.

चार महिन्यांत नव्वद माणसं आली. साठ जणांनी पाणी घेतलं नाही. कुणाला तहान नव्हती, कुणाचा घसा धरला होता, एकाने ग्लास बोटाने दूर सारला आणि ते बोट पँटला पुसलं. मग खरं सांगितलं की तीच माणसं हसत आणि ग्लास रिकामा करत. त्यावरून ते वाक्य.

पत्र त्यांना पाठ होतं, तरी त्यांनी घडी उलगडली.

'सर, नातीने तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. चांगलं आहे. पण साठ हा आकडा मला चुकीचा वाटतो. चहाआधी तुम्ही पाणी प्यायचात. ठिपक्याचा ग्लास समोर भरलेला असायचा, तरी तुम्ही कपाटातून दुसरा काढायचात. रोज. मी कोपऱ्यातून बघायचे. त्या ग्लासाला माझं तोंड लागलेलं नाही, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. तुम्ही स्वतःला मोजलं होतं का? जमलं तर कळवा.'

त्यांनी ग्लास मोरीत नेला. साबणाने तीनदा घासला, वर कढत पाणी ओतलं. मग माठातलं पाणी भरून टेबलाशी येऊन बसले. ग्लास ओठांपर्यंत गेला. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

झुरळामुळे असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. किती बरं वाटलं त्यांना! झुरळ सापडलं हे नशीबच म्हणायचं.

बायको हात पुसत आत आली. समोरचा ग्लास तिने उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"अगं, त्यात झुरळ मेलं होतं!"

"धुतलात ना?"

"तीनदा."

"मग झालं." तिने ग्लास ठेवला. "केवढं घाबरवता! मला वाटलं, विष कालवलंय."

ती गेली. काचेवर तिच्या ओठांचा ओला ठसा होता. प्राध्यापक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. साठांपैकी प्रत्येकाकडे असंच एक झुरळ होतं, त्यांच्या मनात आलं. कुणाची तहान, कुणाचा घसा. इतकी वर्षं ते त्या लोकांना मनातल्या मनात हसत आले होते. आता त्यांना स्वतःच्याच तोंडाची चव सहन होईना.

त्यांनी पेन उचललं. शेवटच्या पानावरचं वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहावं, सुचलं नाही, म्हणून जागा कोरी ठेवली. मग एक पोस्टकार्ड घेतलं.

'तुमचं बरोबर आहे. एकसष्ट. आज पुन्हा मोजलं, आकडा तोच आला.'

चारला छापखान्याचा माणूस पानं घेऊन गेला. प्राध्यापक त्याच्या मागोमाग बाहेर पडले. पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा होता, बाई असतील की नसतील. कोपऱ्यावरच्या टपालपेटीचं तोंड कबुतरांच्या विष्ठेने बरबटलं होतं. कार्ड अडकलं, म्हणून त्यांना मनगटापर्यंत हात आत घालावा लागला. ते आत पडल्याचा आवाज आला.

बोटं पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले.