चादरीपलीकडची दुवा

मुनव्वरबी यंदा एतेकाफला बसणार, हे तिने रमजान लागायच्या आधीच सांगून टाकलं होतं. घरात ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रमजानचे शेवटचे दहा दिवस सगळी कामं सोडून फक्त अल्लाहच्या इबादतीत बसायचं, हा एतेकाफ. पुरुष मशिदीत बसतात, बायका घरातलाच एखादा कोपरा धरतात. देहधर्माला आणि नमाजआधी हातपाय धुवायच्या वजूला तेवढं उठायचं, बाकी चांद दिसेपर्यंत तो कोपरा सोडायचा नाही. आणि मुनव्वरबीला तर घरात एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलंच नव्हतं.

वसमतला मोंढ्याच्या बाजारामागच्या वस्तीत तिचं तीन खोल्यांचं घर होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा इर्शाद पिकअप चालवायचा. हळदीचा हंगाम असल्यामुळे तो दिवसभर खेड्यापाड्यांतून पोती आणायचा आणि इफ्तारच्या वेळेला पिवळ्या कपड्यांनी घरी यायचा. सून सबीहा जवळच्या हट्टा गावची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कमी बोलणारी, कामाला चपळ, आणि कशालाही ‘जी अम्मी’ म्हणणारी.

साठी गाठेपर्यंत मुनव्वरबीने रमजानच्या या मोठ्या रात्री स्वयंपाकघरातच काढल्या होत्या. आधी सासरा आणि दीर मशिदीत बसायचे, त्यांचे डबे जायचे. मग नवरा बसायला लागला. कुरआन उतरलं त्या शब-ए-कद्रच्या राती सगळी वस्ती जागायची, आणि ती पहाटेच्या सहरीचं पीठ मळत मळत कानावर पडेल तेवढं ऐकायची. एकदा तरी आपण आपल्यासाठी बसावं, असं तिला कैक वर्षांपासून वाटत होतं.

विसाव्या रोज्याला सूर्य बुडायच्या आत तिने पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, कपाटापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून तिच्यावर हिरवी चादर सोडली आणि कुरआन, तसबीहची माळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत जाऊन बसली.

पहिले दोन दिवस ती नुसती नावालाच आत होती. कान सगळे बाहेर. तव्यावर काही करपल्याचा वास आला की ती आतून आवाज द्यायची. दूधवाल्याला दोन दिवसांचं एकदम सांग, पाण्याची मोटर बंद कर, गॅसची टाकी कुठली चालू आहे ते बघ. दुसऱ्या दिवशी इर्शाद चादरीजवळ बसून म्हणाला, “अम्मी, तुमी अल्लाहच्या दारात बसल्या का आमच्या?” बोलला तो हसतच, पण तिला लागलं. त्यानंतर तिने तोंड मिटून घेतलं.

आणि मग तिला एक गोष्ट दिसली जी तिने कधी पाहिली नव्हती. घर तिच्यावाचून नीट चाललं होतं. वेळेवर गॅस पेटत होता, वेळेवर इफ्तार होत होती, चादरीखालून तिचं ताट बरोबर आत येत होतं. भाजीत मीठही ठीक होतं. शेजारच्या शालूबाई एकदा खजूर घेऊन आल्या, चादरीबाहेर पाट टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “बराबर चाललंय वो तुमच्या सुनेचं. तुमी काहून काळजी करता?” मुनव्वरबीने हो म्हटलं. पण त्या रात्री तरावीहच्या नमाजच्या वीस रकाती बसूनच पढताना – गुडघे दुखायचे म्हणून ती बसून पढायची – तिचं मन पुन्हा पुन्हा तिथंच जात राहिलं. चाळीस वर्षं आपण ज्याला धरून होतो, ते आपण सोडलं तरी पडत नव्हतं.

पंचविसावी रात आली. शब-ए-कद्र शेवटच्या दहांतल्या कुठल्या तरी विषम रातीला असते, नक्की कुठली ते कुणाला माहीत नसतं, म्हणून लोक त्या पाचही राती जागतात. इर्शाद मशिदीत गेला होता. मुनव्वरबीने नफील, म्हणजे जादाची, नमाज पढली, थोडं कुरआन वाचलं, आणि डोळे थकले म्हणून दिवा मालवून भिंतीला टेकली. तिला झोप नव्हती. पण बाहेरून बघणाऱ्याला ती झोपली असंच वाटलं असतं.

स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीमध्ये पत्र्याचा आडोसा होता. त्याच्या पलीकडे सबीहाने नमाजची चटई, जानमाज, अंथरली. मुनव्वरबीला कपड्याची सळसळ ऐकू आली, कपाळ टेकल्याचं कळलं. बऱ्याच वेळाने सबीहा दुवा मागायला लागली. नमाज अरबीतली, पण दुवा माणूस आपल्या बोलीत मागतं. सबीहा दखनी आणि मराठी मिसळून बोलत होती. आवाज अगदी हळू होता, आणि ती रडत होती.

“या अल्लाह, माझ्या मायला माझ्या हातचं पाणी मिळू दे. ती खाटेवर पडलीय आणि मी इथं बसलेय. मला एकदा जाऊ दे तिच्याकडं.”

हट्ट्याच्या विहीणबाई थंडीत अंगणात पडल्या होत्या. खुबा मोडला. तेव्हापासून त्या अंथरुणावर होत्या आणि सबीहाची भावजय जमेल तसं करत होती. सबीहा दोन दिवस जाऊन आली होती. पुन्हा जायचं म्हणाली तेव्हा मुनव्वरबीने सांगितलं होतं, हळदीची धावपळ होऊ दे. मग सांगितलं, आता रमजान होऊ दे. सबीहा दोन्ही वेळा ‘जी अम्मी’ म्हणाली होती, आणि मुनव्वरबीला वाटलं होतं की विषय संपला.

पलीकडे सबीहाची दुवा संपली नव्हती. ती आणखी हळू म्हणाली, “आणि अम्मीबद्दल माझ्या मनात जे हाय ते काढून टाक. तोंडानं मी जी जी म्हणते, पण आतून तिचं वाईट चिंतते. एक दिवस तर ती मरावी असंसुदीक मनात आलं. रोजे धरते आणि असलं मनात ठेवते. मला माफ कर.”

मुनव्वरबीचं डोकं सणकलं. माझ्या घरात, माझ्या छताखाली! तिने चादर बाजूला करायला हात घातला. चादर मुठीत आली, आणि ती तशीच थांबली. कोपरा सोडला तर एतेकाफ तुटतो, हे एक. पण तिला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. उठून जाऊन ती म्हणणार काय होती? पोरीने तिला काही म्हटलंच नव्हतं. जे म्हटलं होतं ते ज्याला म्हणायचं त्याला म्हटलं होतं, आणि माफी मागून म्हटलं होतं. तिने चादर सोडली.

सहरीला नेहमीसारखं ताट आत आलं. मुनव्वरबीचे पुढचे दात गेले होते, म्हणून सबीहा रोज भाकर बारीक कुस्करून वर दूध घालून द्यायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, तिची तीच द्यायची. त्या पहाटेही भाकर तशीच कुस्करलेली होती. मुनव्वरबी किती तरी वेळ ताटाकडे बघत राहिली. वाईट चिंतणारा हात आणि हा हात एकच होता. अजान होऊन रोजा लागायला पाच मिनिटं उरली तेव्हा तिने घाईघाईने खाल्लं.

पुढचे दोन दिवस तिचं कशातच मन लागेना. तसबीहचे मणी सरकायचे, पण मोजणी चुकायची. सबीहाचं पाऊल वाजलं की ती कान टवकारायची. तिचा राग गेला नव्हता. पण रागाच्या खालून काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे ते तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिला ते वर येऊ द्यायचं नव्हतं.

सत्ताविसाव्या राती मशिदीत तरावीहमध्ये कुरआन पुरं पढून खतम झालं. लाउडस्पीकरवरून नमाज पढवणाऱ्या हाफिजसाहेबांची लांबलचक दुवा ऐकू आली, मग मिठाई वाटल्याचा गलका झाला. बायका घराघरांत जागत होत्या. मुनव्वरबीने वजू केला आणि जानमाजवर बसली. या राती मागायची छोटी दुवा तिला पाठ होती: तू माफ करणारा आहेस, माफ करणं तुला आवडतं, मला माफ कर. ती एकदा म्हटली, दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा ‘मला माफ कर’ म्हणताना तिची जीभ अडली. कशाबद्दल?

तेव्हा तिला आपली माय आठवली. मुनव्वरबीचं माहेर कनेरगाव नाक्याजवळचं. लग्नाच्या चौथ्या वर्षी माय आजारी असल्याचा निरोप आला होता, आणि सासूने म्हटलं होतं, एवढं लग्न होऊ दे, मग जा. दिराचं लग्न होतं. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि मुनव्वरबी बसमधून उतरून माहेरच्या दारात पोचली तेव्हा मय्यत उठून गेली होती. अंगणात नुसती रिकामी खाट होती. त्या दिवसापासून सासूचा जीव जाईपर्यंत, पुरी अठरा वर्षं, तिने सासूबद्दल मनात ठेवू नये ते ठेवलं होतं. आणि एकदाही, एकाही राती, त्याची माफी मागितली नव्हती. उलट तिला त्याचा अभिमानच होता, की मनात एवढं असून आपण तोंडाने कधी कळू दिलं नाही.

ही तेवीस वर्षांची पोर तसल्याच माफीसाठी रडत होती.

मुनव्वरबीने कपाळ टेकवलं आणि बराच वेळ वर उचललं नाही. तिने आधी सासूसाठी दुवा मागितली. ती तिने आजवर कधी मागितलेली नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. मग स्वतःसाठी मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, इर्शाद कामावर असताना, तिने सबीहाला चादरीजवळ बोलावलं. आत ये म्हणाली. सबीहा चादर सारून दबकत आत आली आणि सतरंजीच्या काठावर बसली.

मुनव्वरबी म्हणाली, “संध्याकाळी इर्शाद आला की त्याच्यासंगं हट्ट्याला जा. मायजवळ राहा. ईद तिथंच कर.”

सबीहाने विचारलं की ईदला तीन दिवस उरलेत, पाहुणे येतील, तुमचं ताट कोण देणार. मुनव्वरबीने सांगितलं की इर्शादला खिचडी येते आणि शालूबाई भिंतीपलीकडेच आहेत. किती दिवस राहू, असं सबीहाने विचारलं. मुनव्वरबी म्हणाली, तुझ्या मायला तुझी गरज असेल तितके.

सबीहाच्या चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता. आला नाही. तिचा रंग उतरत गेला. तिने एकदा पत्र्याच्या आडोशाकडे पाहिलं, आणि मग सासूकडे.

“अम्मी, तुमी त्या राती जाग्या होत्या का?”

मुनव्वरबीला ‘न्हाई’ म्हणणं सोपं होतं. पण रोजा होता, एतेकाफ होता, आणि समोर कुरआन उघडं होतं.

“जागी होते,” ती म्हणाली.

सबीहाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुनव्वरबीने तिचे हात खाली घेतले नाहीत. ती शांतपणे म्हणाली, “ते तुझं आणि त्याचं होतं. मला ऐकायचा हक्क नव्हता, पण कान झाकायचं सुचलं न्हाई. तू पहिलं मागितलं, ते माझ्या हातात होतं. ते मी आधीच करायला पायजे होतं. दुसरं मागितलं, ते माझ्या हातात न्हाई. ते निघायला वेळ लागंल. लागू दे.”

सबीहा रडत राहिली. मुनव्वरबीने तिला जवळ घेतलं नाही, कारण तसं करणं तिला खोटं वाटलं असतं. तिने तांब्यातलं पाणी आपल्या ओढणीच्या टोकावर घेतलं आणि तोंड पुसायला ते टोक तिच्या हातात दिलं.

संध्याकाळी इफ्तार करून पिकअप हट्ट्याकडे गेली. पुढच्या दोन राती मुनव्वरबीने सुनेवाचून काढल्या. इर्शादची खिचडी एकदा कच्ची होती, एकदा खाली लागली होती. एकोणतिसाव्या रोज्याला शालूबाईंचा पाडवा होता. त्यांनी चादरीखालून पुरणपोळी सरकवली आणि इफ्तारीला खा म्हणाल्या. त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या पोरांनी चांद दिसल्याचा ओरडा केला आणि मुनव्वरबी भिंतीला धरून उठली. पाय असे अवघडले होते की पहिली दोन पावलं इर्शादच्या आधाराने टाकावी लागली.

ईदच्या सकाळी शीरखुर्मा तिनेच केला, शालूबाईंनी दूध आटवायला मदत केली. नणंदा, जावा आल्या. सून दिसेना म्हणून एकीने विचारलं, ईदच्या दिवशी माहेरी? मुनव्वरबीने सांगितलं, मी पाठवलं. नणंद आणखी काही बोलणार होती, पण मुनव्वरबीने तिच्या हातात वाटी दिली.

सबीहा वीस दिवस राहून आली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती एसटीने हट्ट्याला जाऊन यायची, आणि कधी जाणार ते आधी सांगायची, विचारायची नाही. घरात दोघींचं बोलणं फार वाढलं नाही. पण सबीहा ‘जी’ कमी म्हणायला लागली. कधी ‘न्हाई अम्मी, उद्या करते’ असं म्हणायची. मुनव्वरबीला पहिल्यांदा ते खटकलं, मग सवय झाली.

आषाढात विहीणबाई गेल्या. सबीहा तेव्हा त्यांच्या उशाशी होती आणि शेवटचं पाणी तिनेच चमच्याने पाजलं. इर्शाद आणि मुनव्वरबी पोचेपर्यंत दुपार झाली. दफन झाल्यावर बायका ओसरीवर बसल्या होत्या. मुनव्वरबीने सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की चाळीस दिवस राहायचं तर राहा, आमची तकलीफ बघू नको.

सबीहाने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “तिसरा दिवस झाला की तुमच्यासंगं येते.”

मुनव्वरबीने सरकून तिला भिंतीशी जागा करून दिली. सबीहा तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि थोड्या वेळाने, तीन रातींची जागलेली, बसल्या बसल्याच झोपली.